टिकिटावरचा कृष्ण आणि ताग्यातली माती

हिंगणघाटच्या एका जुन्या घरात एक सागवानी पेटी आहे. तिचे झाकण उघडले की आतल्या बाजूला चिकटवलेले एक रंगीत चित्र दिसते. आकाराने पोस्टकार्डाहून थोडे मोठे. यशोदा लोणी घुसळते आहे, बाळकृष्ण रवीची दोरी धरून उभा आहे, मागे खांब आणि पडदा. पडद्याच्या चुण्या मात्र गोकुळातल्या नाहीत. त्या एखाद्या इंग्रजी दिवाणखान्यातल्या आहेत. कडेने सोनेरी पट्टी. खाली इंग्रजीत कंपनीचे नाव, त्यातली निम्मी अक्षरे उडालेली, आणि एक आकडा. घरातल्या आजी पेटी उघडताना आधी त्या चित्राला हात लावून नमस्कार करतात.

हे चित्र पूजेसाठी छापलेले नव्हते. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यावर चिकटवायचे ते टिकिट होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढची साठ-सत्तर वर्षे अशी टिकिटे प्रचंड संख्येने छापली गेली. त्यांवर कृष्ण, लक्ष्मी, गणपती, हत्ती, वाघ, आगगाडी, पेशवाई पगडीतला सरदार, आरशात पाहणारी बाई असे काय वाटेल ते असे. बाजारात त्यांना टिकिट, टिका किंवा छाप म्हणत. बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयाने २०२५ मध्ये याच तीन शब्दांचे नाव देऊन या टिकिटांचे प्रदर्शन भरवले. जुन्या वस्तूंच्या बाजारातही आता त्यांना चांगला भाव येतो, आणि दिवाणखान्यात लावायला त्यांच्या नव्या प्रतीही मिळतात.

ही चित्रे पुन्हा पाहिली जात आहेत हे चांगलेच आहे. पण त्यांच्याविषयी जे बोलले आणि लिहिले जाते त्यातल्या बऱ्याच भागाविषयी माझी तक्रार आहे. 'दोन संस्कृतींची गोड भेट', 'विसरलेली लोककला', 'हरवलेला रंगीत काळ' अशा शब्दांत हे कौतुक चालते. कौतुक करणारे चित्राकडे बघतात. ते कशावर चिकटवलेले होते हे बघत नाहीत. टिकिट ताग्यापासून सोडवून काचेत बसवले की ते चित्र होते. ताग्यावर असताना मात्र ते एक विधान असते: आतला माल अमुक दर्जाचा आहे. चित्र चांगले आहे का, एवढेच विचारून भागत नाही. ते विधान खरे होते का, हेही विचारायला हवे. विज्ञान शिकवणाऱ्याला हा दुसरा प्रश्न अधिक जवळचा वाटावा, कारण तो तपासता येतो.

पण आधी चित्राला त्याचे श्रेय देऊ. ही टिकिटे शिळाछापाची आहेत. आलोइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने १७९६ ते १७९८ च्या सुमारास हे तंत्र शोधले. बव्हेरियातील झोल्नहोफेन येथील बारीक कणांच्या चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने चित्र काढायचे. मग डिंक आणि सौम्य नायट्रिक आम्ल यांचे मिश्रण फिरवायचे. जिथे तेलकट शाई आहे तिथे दगड पाणी धरत नाही. जिथे नाही तिथे धरतो. ओल्या दगडावर छपाईची शाई फिरवली की ती फक्त चित्राला चिकटते. कोरीव काम नाही, उठाव नाही. सगळा खेळ तेल आणि पाण्याच्या वैराचा. गोदफ्रॉय एंगेलमान याने १८३७ मध्ये रंगीत शिळाछापाचे पेटंट घेतले. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो, आणि कागद प्रत्येक दगडावर केसभरही न सरकता बसावा लागतो. कृष्णाच्या गालावरची निळसर छटा ही सात-आठ दगडांवर हाताने टिंबे देऊन आणलेली असते. सोनेरी पट्टी म्हणजे ओल्या वार्निशावर टाकलेली पितळेची भुकटी.

ती टिंबे भिंगातून जरूर पाहावीत. शिळाछापात ती लहानमोठी, वेडीवाकडी, माणसाच्या हाताची असतात. आजच्या ऑफसेट छपाईतली टिंबे जाळीसारखी रांगेत, ठरावीक अंतरावर असतात. कुणी 'शंभर वर्षांपूर्वीचे टिकिट' म्हणून विकू लागला तर दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरेसे आहे. इतकी साधी, स्वस्त आणि निर्णायक कसोटी विज्ञानात नेहमी मिळत नाही!

मँचेस्टरच्या छापखान्यात बसून यशोदा काढणाऱ्याने गोकुळ पाहिलेले नव्हते. मुंबई-कलकत्त्याचे आडते नमुने पाठवत, कोणता देव कोणत्या बाजारात चालतो ते कळवत. कलाकृती म्हणून पाहिले तर बहुतेक टिकिटे दुय्यम आहेत असे माझे मत आहे. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला हललेल्या रवि वर्मा छापखान्याच्या चित्रांत निदान एका चित्रकाराची दृष्टी आहे. पुण्यात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या चित्रशाळेच्या चित्रांमागे एक सार्वजनिक हेतू आहे. टिकिटाला असे काही नाही. ते लांबून ओळखू यावे आणि दुसऱ्याच्या टिकिटासारखे दिसू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. ती मात्र ते उत्तम पुरी करते. इंग्रजी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला 'कृष्ण छाप' मागता येते. आजही आपण घोडा छाप आगपेटी आणि माकड छाप दंतमंजन म्हणतो, ती भाषा याच बाजारातली.

आता ताग्याकडे वळू, आणि त्यासाठी वर्ध्याकडे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. हिंगणघाटचा कापूस मात्र त्याच्या फार आधीपासून नाव कमावून होता. 'बाणी' जातीचा हा देशी कापूस, धागा त्या मानाने लांब आणि मऊ. 'हिंगणघाट' हे गावाचे नाव बाजारात दर्जाची छापच होऊन बसले होते, टिकिटाशिवाय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांचे डोळे आपल्याकडे लागले. तिथे हिंदुस्थानी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि हा शब्द कचरा व भेसळ यांचा समानार्थी झाला. आखूड धागा, त्यात सरकी, माती, कधी वजन वाढवायला मारलेले पाणी, या त्यांच्या तक्रारी खोट्याही नव्हत्या. मुंबई सरकारने १८६३ मध्ये खास कायदा करून कापसात भेसळ करणे हा गुन्हा ठरवला.

त्याच काळात लँकेशायरमध्ये काय चालले होते पाहा. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. आपले कोष्टी तिला पांजणी म्हणतात. खळीने सुताची लव बसते, सूत बळकट होते आणि धोट्याच्या घर्षणाने तुटत नाही. यात गैर काही नाही. इंग्लंडात खळ पीठ आणि चरबी यांची असे. क्रिमियन युद्धाच्या काळात, म्हणजे १८५४ ते १८५६ मध्ये, पीठ आणि चरबी महागली, तेव्हा खळीत चिनी माती, म्हणजे कॉर्नवॉलच्या खाणीतले केओलिन, घालण्याची पद्धत वाढली. पुढे कापूस टंचाईत आखूड धाग्याच्या सुताला जास्त खळ लागू लागली, म्हणून मातीही वाढली. युद्ध संपले, अमेरिकन कापूस पुन्हा आला. माती मात्र राहिली. कारण ती कापसापेक्षा कितीतरी स्वस्त होती आणि कापड वजनावर ओळखले जात होते. निर्यातीच्या शर्टिंगची एक प्रसिद्ध प्रतच 'सव्वाआठ पौंडी' अशी होती. सव्वाआठ पौंड म्हणजे सुमारे ३.७४ किलोग्रॅम. सुताच्या वजनाच्या निम्मी खळ दिली तर त्यात सूत अडीच किलोग्रॅमच्या आत; बाकी सव्वा किलो पीठ, चरबी, माती आणि क्षार! आणि निम्मी खळ ही काही कमाल नव्हती. 'जड खळी'च्या कापडात ती सुताच्या बरोबरीने, क्वचित त्याहूनही जास्त असे.

रसायनशास्त्राचा एक धडाच इथे दडला आहे. इतकी माती घातली की सूत कडक होऊन तडकते. ते लवचीक राहावे म्हणून खळीत मॅग्नेशियम क्लोराइड घालत, कारण हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो. (ओलाव्यालाही वजन असते हे ओघाने आलेच.) पण ओलावा आणि पीठ एकत्र आले की बुरशी धरते. महिनोन्‌महिने जहाजाच्या तळात पडलेले तागे मुंबईत उघडल्यावर काळ्या-हिरव्या डागांचे निघत, त्यावरून कज्जेही झाले. मग बुरशी मारायला जस्ताचे क्लोराइड. एका लबाडीने निर्माण केलेला दोष झाकायला दुसरे द्रव्य, त्याचा दोष झाकायला तिसरे. विणकरांनाही हे भोवले. टॉडमॉर्डन येथील विणकरांनी धूळ आणि वाफ यांनी छाती भरून येते अशी तक्रार केली, आणि डॉ. जॉर्ज ब्युकॅनन यांनी १८७२ मध्ये तिची चौकशी करून सरकारला अहवाल दिला. म्हणजे ती माती फक्त आपल्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडली असे नाही. ती तिथल्या मजुरांच्या फुप्फुसांतही गेली.

वर्ध्याच्या शेतकऱ्याने कापसात माती मिसळली तर तो गुन्हा, आणि लँकेशायरच्या गिरणीने कापडात मिसळली तर ते तंत्रज्ञान. हा फरक रसायनशास्त्रातला नाही. पुढे हिंदुस्थानात १८८९ मध्ये व्यापारी चिन्हांचा कायदा आला. त्याने प्रत्येक ताग्यावर लांबी वारांत छापणे बंधनकारक केले, आणि आयात मालालाही तोच नियम लागू झाला. गिऱ्हाइकाच्या बाजूचा हा चांगला नियम होता. पण लांबी सांगणे सक्तीचे. सूत किती आणि खळ किती हे सांगणे नाही. ती जागा कृष्णाने भरून काढली.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. टिकिटावर खोटे असे एक अक्षरही नसते. ते काही म्हणतच नाही. ते देव दाखवते. विश्वास ठेवायला गिऱ्हाइकाला आधीच शिकवलेल्या एका प्रतिमेवरचा विश्वास ते कापडावर ओढून आणते. 'दोन संस्कृतींची भेट' म्हणताना ही उसनवारी विसरली जाते.

याला एक उत्तर दिले जाते आणि ते विचारात घ्यायला हवे. गिऱ्हाईक काही भोळे नव्हते. बाजारातली बाई कापड चुरगाळून, उजेडात धरून, ओल्या बोटाने चोळून पाहत असे. तेच टिकिट पुन्हा मागणे म्हणजे मागच्या वेळचा माल बरा निघाला याची पावती, आणि आडते आपले टिकिट दुसऱ्याने चोरू नये म्हणून कोर्टात जात ते यासाठीच. माल वारंवार वाईट निघाला तर टिकिट बुडते. हे खरे आहे, म्हणून टिकिटाला मी निव्वळ फसवणूक म्हणत नाही. पण या बचावाला एक मर्यादा आहे. वारंवार अनुभवाने सुधारणा तेव्हाच होते, जेव्हा तुलनेला दुसरे काही शिल्लक असते. गावातला माग बंद पडल्यावर 'कृष्ण छाप' आणि 'हत्ती छाप' यांच्यातच निवड करायची असेल, आणि दोन्हीत माती असेल, तर अनुभव काय शिकवणार?

माग बंद पडणे ही कुणाच्या ध्यानीमनी नसलेली घटना नव्हती. मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नाक यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस वऱ्हाडातल्या लोहमार्गाविषयी लिहिताना हा हिशेब स्पष्टच मांडला होता. रेल्वेने विलायती कापड स्वस्त पोचले की स्थानिक कापड मागे पडेल. कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. आणि कापूसही जास्त मिळेल. आपल्याकडे कोष्ट्यांबरोबर महार समाजातही जाडेभरडे कापड विणणारे पुष्कळ होते. ते 'मोकळे झालेले हात' कुणाचे, हे वेगळे सांगायला नको. रॅली ब्रदर्ससारखी पेढी तर दोन्ही टोकांना होती: इथून कापूस नेणारी तीच, आणि देवांच्या टिकिटांचे कापड आणणारीही तीच.

शब्दांतही हा प्रवास दिसतो. आपल्या 'मांजरपाटा'चा मांजराशी संबंध नाही. मूळ शब्द मादरपाट. तो आंध्रातल्या मादापोल्लम या गावावरून आला, जिथे ईस्ट इंडिया कंपनीची कापडाची वखार होती. तेलुगू गावाचे नाव, लँकेशायरची वीण, कॉर्नवॉलची माती आणि वर कृष्ण. टिकिटाच्या चित्रात यातले काहीही नाही. शेकडो विषयांच्या त्या चित्रांत मी कापसाचे झाड शोधतो आहे, सरकी काढणारी बाई शोधतो आहे. वाघ पुष्कळ सापडतात.

देशी गिरण्यांनी हा मार्ग सोडला असे समजू नये. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये आणि हिंगणघाटची पहिली गिरणी १८८१ मध्ये सुरू झाली. देशातल्या गिरण्यांनीही टिकिटांची पद्धत उचलली; स्वदेशीच्या काळात देवांच्या जोडीला पुढारी आले. गांधीजींच्या नावाने तर सिगारेटसुद्धा निघाल्या, आणि १९२१ मध्ये 'यंग इंडिया'तून त्यांना त्याचा निषेध करावा लागला. खादीलाही अखेर शिक्का लागलाच, कारण गिरणीचे कापड खादी म्हणून खपू लागले होते. पण तो शिक्का वेगळ्या जातीचा होता. कापड कुठे, कुणी, कोणत्या मजुरीवर केले याची कुणीतरी तपासणी केल्याचे तो सांगत असे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी १९३६ च्या 'व्हाय द व्हिलेज मूव्हमेंट?' या पुस्तकात विकत घेणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार मांडला: वस्तू कशी आणि कुणाच्या श्रमातून झाली याची चौकशी करणे हे गिऱ्हाइकाचेही काम आहे. मगनवाडीतच १९३८ मध्ये मगन संग्रहालय उघडले. मुलांची सहल तिथे गेली तर चरखे पाहताना टिकिटांची गोष्ट जरूर सांगावी. दोन्ही एकाच वादाच्या दोन बाजू आहेत.

वर्गात करून पाहण्याजोगे

दुकानातून कोरा, न धुतलेला मांजरपाट आणावा. २० सेंटिमीटर चौरसाचे दोन तुकडे कापावेत. दोन्ही ०.०१ ग्रॅमपर्यंत तोलावेत. सोनाराचा लहान काटा चालतो. एक तुकडा चिमूटभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात अर्धा तास उकळून, तीन-चार वेळा खळबळून धुऊन वाळवावा. दुसऱ्याला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेजारी ठेवून एकाच वेळी पुन्हा तोलावेत. दुसरा तुकडा कशाला, असे मुले विचारतील. कापूस हवेतला ओलावा धरतो, तो वजनाच्या सात-आठ टक्के असतो आणि पावसाळ्यात बदलतो. आपण जी खळ मोजणार आहोत ती आजच्या कापडात साधारण ८ ते १५ टक्के. म्हणजे चूक आणि उत्तर जवळजवळ एकाच मापाचे! न धुतलेल्या तुकड्याच्या वजनात जो बदल दिसेल तो हवेचा, तेवढ्याच प्रमाणात पहिल्याचे वजन दुरुस्त करावे.

खळीत स्टार्च आहे का हे आयोडिनच्या थेंबाने कळते. निळा-काळा रंग येतो. अलीकडे खळीत पॉलिव्हिनाइल अल्कोहोलही असते, त्यामुळे रंग कधी संदिग्ध येतो. माती आहे का हे मात्र राखेवरून कळते. तोललेली पट्टी चिनी मातीच्या मुशीत पूर्ण पांढरी राख होईपर्यंत शिक्षकाने स्वतः जाळावी. शुद्ध कापसाची राख टक्का-दीड टक्का. तीव्र तापवल्यावर केओलिनमधले पाणी निघून जाते आणि त्याचे वजन सुमारे १४ टक्के घटते. म्हणून १०० ग्रॅम कापडात ३० ग्रॅम केओलिन असेल तर राखेत त्याचे जवळजवळ २६ ग्रॅम उरतील. नववी-दहावीच्या मुलांना हा हिशेब उलट दिशेने करायला द्यावा.

माझा स्वतःचा प्रयोग अजून अपुरा आहे. हिंगणघाटच्या त्या पेटीत, टिकिटाच्या खालीच, कोऱ्या कापडाची एक घडी आहे. आजींच्या सासूबाईंच्या वेळची, कधीही पाण्यात न घातलेली. तिचा दोन बोटे पट्टा मिळाला तर राख करून पाहता येईल म्हणून मी मागितला. त्या म्हणाल्या, "फोटो काढ ना बापा किती काढाचे ते. पन देवाखालचं कापड जाळाले नाही देत मी." मग पुष्कळ विनवणीनंतर काठाचे सुटलेले एक सूत दिले, चार बोटे लांब. आयोडिनने ते गडद निळे झाले, म्हणजे स्टार्च आहे. पण एवढ्या सुताचे वजन दोन मिलिग्रॅमच्या आसपास, आणि त्याची राख आमच्या प्रयोगशाळेच्या काट्याला धड मोजता येत नाही. निदान वीसेक सुते हवीत. दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे.